एका चुलीचं सुतक

सन दोन हजार सहा. तू त्रेसष्ट वर्षांचा, मी अडुसष्टचा. आधी मी जायचं असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी ठरवलं होतं आणि तू "बरं" म्हणाला होतास. तुझं "बरं" म्हणजे "बघू", आणि "बघू" म्हणजे "मला पाहिजे तेच करणार", हे बावीस वर्षं एका घरात काढून मला कळायला पाहिजे होतं.

शांत्या, हे तुझ्या मापांच्या वहीत लिहितोय. मागची पानं कोरी होती. माझं अक्षर म्हणजे उतारावर उधळलेल्या शेळ्या, असं तूच म्हणायचास. तिसरीपुढं शाळा झाली नाही, त्याची लाज मी कधी धरली नाही, आता तर मुळीच धरणार नाही. मी गडगे रचणारा माणूस. दगडावर दगड ठेवतो, मध्ये चिखल नाही, चुना नाही, आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला माझा एकही गडगा पावसानं ढकललेला नाही. तसेच हे शब्द ठेवतोय. कुठं हललं तर तूच सांगितलं असतंस.

वहीच्या पहिल्याच पानावर माझं माप आहे. बाकीच्या पानांवर नावं आहेत, अमका गुरुजी, तमक्याचा जावई, दुकानवाल्याचा धाकटा. माझ्या पानावर नाव नाही. नुसती छाती, बाही, गळा. छाती अडतीस. मग सदतीस. मग परवाच्या दिवाळीची छत्तीस. दर आकडा निराळ्या शाईत. मी बारीक होत चाललो होतो हे तू लिहून ठेवत होतास आणि तोंडानं म्हणत होतास, "काय धोंडू, अंगात भरलास औंदा." खोटारडा.

आधी दवाखान्याचं बोलतो, कारण तेच घशात अडकलंय. महाडला तुला खाटेवर घेतलं, नाकात नळी घातली, आणि सिस्टरबाई कागद घेऊन आली. तिनं विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" तिला बिचारीला रकाना भरायचा होता. मी म्हणालो, "शेजारी."

मला वाटलं तू झोपलायस. तू डोळे न उघडता म्हणालास, "लय जवळचा शेजारी हाय, बाई. मधी भिंतसुद्धा नाय."

ती हसली. मी तुझ्याकडं डोळे वटारले. तुला श्वास पुरत नव्हता, तरी चेष्टा करायला पुरत होता. मग ती म्हणाली, नातेवाइकांना बोलावून घ्या. मी बूथवरून बिरवाडीला फोन लावला, तुझ्या पुतण्याला, बाळूला. कंपनीतून तो तसाच, पायात ते जाड बूट घालून आला. पोरगा चांगला आहे. पण खाटेजवळ एकानंच बसायचं, आणि एक म्हणजे घरचा. शेजाऱ्यानं बाहेर. मी फाटकापाशी चहाच्या गाडीवर बसलो. दुपारचे तीन वाजले असतील. हातातला चहा अर्धा झाला होता तेव्हा बाळू जिना उतरून आला आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

तो चहा मी संपवला, शांत्या. फेकवला नाही. का संपवला ते मला माहीत नाही. तुझं शेवटचं बोलणं "मधी भिंतसुद्धा नाय" हे, आणि त्यावर माझं शेवटचं उत्तर ते वटारलेले डोळे.

खांदा दिला मी. शेजारीही खांदा देतो, त्यात काही विशेष नाही. मडकं बाळूनं धरलं. मी मागं उभा राहिलो, गावातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांत.

तू चौऱ्याऐंशी साली माझ्याकडं राहायला आलास. भावाच्या घराची वाटणी झाली, तुझ्या वाट्याला आलेल्या खणात शिलाईची मशीन मावेना, आणि माझी पडवी रिकामी. गावाला एवढं कारण पुरलं. आपण दोघांनी मशीन उचलून आणली, पुढं तू, मागं मी, आणि वाटेत तीन वेळा खाली ठेवली. दर वेळी तू हसत होतास आणि मी शिव्या देत होतो. त्याआधीची बारा वर्षं आपण कुठं कुठं भेटत होतो ते इथं लिहीत नाही. ते त्या रानाला ठाऊक आहे.

आणि तू आल्यावर मी पहिलं काम काय केलं? पडवीत दुसरी चूल घातली.

आपल्या वाडीत घर दारावरून मोजत नाहीत, चुलीवरून मोजतात. शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते तेव्हा दर चुलीमागं एक नारळ, आणि गावकरानं त्या चुलीचं नाव घेऊन गाऱ्हाणं घालायचं. एका अंगणात दोन भाऊ वेगळे झाले की दोन चुली, दोन नारळ. तू माझ्या चुलीवर जेवलास तर तू कोण? भाऊ नाहीस, पावणा नाहीस, गडी नाहीस. ह्या "कोण"ला माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी मातीची चूल घातली. चांगली घातली. माझ्या हातचं काम वाईट होत नाही.

तिच्यावर एकदाही भात शिजला नाही. दर शनिवारी तू ती सारवायचास आणि पालखीच्या आदल्या दिवशी आपण तिच्यात मूठभर पेंढा जाळायचो, काळी दिसावी म्हणून. तू म्हणायचास, "गावातली पोरं शिमग्याचं सोंग दुपारी काढतात. आपली चूल बारा महिने सोंगात." बोक्यानं तिच्यात घर केलं तेव्हा तू त्याला गावकर म्हणायला लागलास.

दर शिमग्याला तुझं एकच.

"धोंडू, औंदा एकच नारळ देऊ या."

"आणि विचारलं तर?"

"तर सांगू, एका चुलीवर जेवतो."

"का जेवता म्हणून विचारलं तर?"

"भूक लागते म्हणून."

मी उठून बाहेर जायचो. तू आतून ओरडायचास, "देवीला दिसतंय रे सगळं! ती काय चुली मोजत बसलीय?" मी बाहेरून सांगायचो, "देवीला दिसू दे. तुकारामाला दिसायला नको." मग पालखी यायची, आपण दोघं दोन नारळ घेऊन अंगणाच्या दोन टोकांना उभे राहायचो, आणि तुकाराम गावकर खणखणीत आवाजात दोन चुलींची दोन गाऱ्हाणी घालायचा. धोंडूच्या चुलीला सुखी ठेव. शांतारामच्या चुलीला सुखी ठेव. होय महाराजा. बावीस वर्षं देवीपुढं उभं राहून मी तुला अंगणाच्या पलीकडं ठेवलं.

मला भीती नव्हती, असं मी तुला सांगायचो. मला मान होता. ज्या सहाणेवर पालखी बसते तिचे दगड मी बसवलेत. लोक माझ्या मिशीकडं बघून बोलायचे. एकदा पोलादपूरच्या स्टँडवर तुकारामानं चार माणसांत विचारलं, "काय, जोडी कुठं निघाली?" आणि मी त्याची कॉलर धरली. गाडीत बसल्यावर तू खिडकीकडं बघत म्हणालास, "जोडीच म्हणाला ना? शिवी तर नाय दिली." पूर्ण रस्ता मी तुझ्याशी बोललो नाही. तो शब्द तुला आवडला होता हे मला तेव्हा कळलं होतं. म्हणूनच बोललो नाही.

रेल्वे वीरच्या पुढं खेडला पोचली त्याच्या पुढच्या वर्षी तू हट्ट धरलास. खेडपर्यंत जायचं आणि परत यायचं, काम काही नाही, नुसतं बसायचं. माणूस कामाशिवाय कसा जाईल, म्हणून मी खेडहून पहार आणायची असं ठरवलं. महाडहून रिक्षानं वीरला गेलो. तू नवा सदरा घातला होतास आणि मला त्याच कापडाचा शिवला होतास. मी तो घरून घालून निघालो नाही, पिशवीतून नेला आणि स्टेशनावर बदलला. त्यावरही तू "बरं" म्हणालास.

मग तो लांब बोगदा आला. डब्यात दिवे नव्हते. समोरची बाई पोराला म्हणाली, "घाबरू नको, आत्ता उजेड येईल." आणि तू माझा हात धरलास. माणसांनी भरलेल्या डब्यात, माझ्या पंजात तुझा सुईनं भोकं पडलेला पंजा. मला वाटलं छातीचा आवाज गाडीच्या वर जाईल. मी किती वेळ धरू दिला तुला? थोडा वेळ. मग कडेच्या भिंतीवर जरासं पांढरं दिसलं आणि मी हात काढून घेतला. ते कसलं पांढरं होतं देव जाणे. बोगदा अजून बराच होता. आपण दोघं त्या काळोखात हात मांडीवर ठेवून शाळेतल्या पोरांसारखे बसलो.

खेडला वडा खाताना तू म्हणालास, "उजेड यायचा होता अजून."

एवढंच. पुन्हा कधी काढलं नाहीस. दर वर्षी फक्त विचारायचास, "जाऊ या का रे परत रेल्वेनं?" आणि मी म्हणायचो, "एकदा बघितली ना रेल्वे. आणखी काय बघायचंय?" आता रोज दुपारी, जेवण झालं की, मी त्या बोगद्यात जाऊन बसतो. हात तिथंच ठेवतो.

भांडणं आठवली की बरं वाटतं. तुझ्या कात्रीचं भांडण आठवतं? कापडाची कात्री कागदालासुद्धा लावू द्यायचा नाहीस, धार जाते म्हणून. आणि मी तिनं मिशी कापली, थोडीशी, टोकाची. तू तीन दिवस बोलला नाहीस. चौथ्या दिवशी पोलादपूरच्या बाजारातून छोटी कात्री आणून माझ्यापुढं आपटलीस. "ही तुझ्या मिशीला. ती माझ्या पोटाला. पुन्हा हात लावलास तर बोटं कापीन." ती छोटी कात्री अजून आहे. गंजली नाही, तू तेल घालायचास.

आणि तो वर्तमानपत्राचा कागद. कापडाच्या गठ्ठ्याला गुंडाळून आला होता. तू तो मला वाचून दाखवलास, दोनदा. मुंबईतल्या कुणा माणसानं आपलं नाव घालून छापलं होतं की मी असा आहे आणि मी एका माणसाबरोबर राहतो. मी विचारलं, "नाव छापलं? लाज नाय त्याला?"

"लाज नसंल, म्हणूनच छापलं."

"शहरातली थेरं. चुलीत घाल तो."

तू उठलास, कागदाची नीट घडी केलीस आणि पडवीतल्या चुलीत नेऊन ठेवलास. जिच्यात जाळ नसतो तिच्यात. अजून तिथंच असेल, बोक्याच्या अंगाखाली. आपल्यासारख्यांना काय म्हणतात त्याचा चांगला शब्द मला आजही माहीत नाही. मला माहीत आहेत त्या सगळ्या शिव्या आहेत. त्या कागदात एखादा चांगला शब्द होता का? तू दोनदा वाचलास, म्हणजे असावा.

तू गेल्याच्या पाचव्या दिवशी सखू आली. तुझी सखू. दोन वर्षं तुझी बायको होती, मग माहेरी गेली, काडीमोड झाली, दुसरं घर झालं, आता नातवंडं आहेत. मला तिच्यापुढं कायम मान खाली घालावीशी वाटायची, आणि मान खाली घालायची सवय नसल्यानं मी तिच्याशी तुसडेपणानं वागायचो. ती आधी तुझ्या भावाच्या घरी जाऊन आली आणि मग माझ्या ओट्यावर येऊन बसली. पाणी प्याली. म्हणाली, "माणूस वाईट नव्हता, भावजी. माझा नव्हता, एवढंच."

मी म्हणालो, "तुझं वाटोळं झालं गो."

"झालं असतं. मी उठून गेले म्हणून नाय झालं." मग तिनं नाक वर करून वास घेतला. "घरात फोडणी नाय पडली किती दिस?"

खरंच पडली नव्हती. तू गेल्यापासून मी नुसता भात उकडून खात होतो, देवापुढं दिवा लावला नव्हता, खाली चटईवर झोपत होतो. कुणी सांगितलं नव्हतं. आपसूक झालं होतं.

सखू माझ्याकडं बघत राहिली. "अंगानं सुतक पाळताय," ती म्हणाली, "आणि मिशी मात्र हाय तशीच हाय तुमची." पदर खोचून उठली. अंगणातून मागं वळली. "मला तर सुतक नाय. मी परक्या घरची झाले. तुमाला हाय का नाय, ते तुमी बघा."

बाईनं दोन वर्षांत जे ओळखलं ते बोलायला तिनं तीस वर्षं घेतली. आणि मी?

त्याच संध्याकाळी तुकाराम आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "धोंडू, उद्या सकाळी पालखी निघते. शांतारामच्या भावकीची घरं सुतकात, ती सोडून येऊ. तुला काय सुतक नाय, तुझ्याकडं थांबू." कॉलर धरली होती त्याला वीस वर्षं झाली, पण तो अजून माझ्याशी बोलताना गळ्यापाशी हात नेतो. "औंदा नारळ एकच काढून ठेव."

एकच नारळ, शांत्या. बावीस वर्षं तू मागितलास तो. तू गेल्यावर गावानं आपण होऊन दिला.

मी "बरं" म्हणालो. तुझ्यासारखं.

माझी आई गेली त्या साली शिमगा सुतकात आला होता. सुतकाच्या घरापुढं पालखी थांबत नाही आणि ढोल वाजत नाही. ढोलवाला हात आडवा ठेवतो आणि सगळे गप्प पुढं जातात. मी तेव्हा तरणा होतो. दारात उभा राहून वाटलं होतं, एवढी माणसं, आणि सगळी माझ्या आईसाठी तोंड मिटून चाललीत. त्यानंतर रडायची गरज उरली नव्हती. तू गेलास तेव्हापासून मला रडू आलं नव्हतं, आणि कोणी गप्पही झालं नव्हतं. वाडीत सगळं चालू होतं. खालून गाणी ऐकू येत होती, माझ्याशी लोक भाताच्या भावाचं बोलत होते. शेजारी गेला की एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझी मोठी कात्री काढली. कापडाची. खुंटीवरचा आरसा ओट्यावर आणून उजेडात धरला आणि मिशी कापली, टोकाची नव्हे, सगळी. मग वस्तऱ्यानं साफ केली. तीन जागी कापलं. आरशात एक पोपटासारखा म्हातारा दिसला. तू हसून खाली पडला असतास. कात्री पुसून, तेल लावून परत ठेवली.

मग मोकळ्या हातांनी दारात बसलो.

ढोल वरच्या आळीतून उतरला, गुलाल आला, पोरं आली, पालखी अंगणाच्या कोपऱ्यावर आली. तुकाराम पुढं होता. त्यानं आधी माझे हात बघितले, मग तोंड.

"मिशी कुठाय रे?"

"सुतक हाय मला."

"तुला? कुणाचं?"

"शांतारामचं. दोन चुली कधी नव्हत्याच ह्या घरात. एकच व्हती. पडवीतली खोटी."

मागं कोणीतरी पोरगं फिस्सकन हसलं आणि कोणीतरी त्याला चापट मारली. तुकाराम पालखीकडं बघून म्हणाला, "देवीम्होरं बावीस वर्सं खोटं बोललास?"

"व्हय."

"आणि आमच्याम्होरं?"

"तुमच्याम्होरं पण."

त्याचा हात गळ्यापाशी गेला. तो मला काय म्हणणार होता ते त्यालाही ठरवता आलं नसावं. ढोल चालूच होता. मी उठून उभा राहिलो, कारण बसून ऐकून घ्यायची मला सवय नाही. बराच वेळ तो माझ्या वरच्या ओठाकडं बघत होता, जिथं तीन जागी रक्त सुकलं होतं.

"मिशीबगर म्हातारा दिसतोस," तो म्हणाला. आणि मागं न बघता त्यानं हात वर केला.

ढोलवाल्यानं हात आडवा ठेवला. भोयांनी खांदे बदलले. पालखी माझ्या अंगणाच्या कडेनं, मी रचलेल्या गडग्याच्या बाजूनं, पुढं निघाली. पोरं, बाया, तुकाराम, सगळे. पायांचा आवाज तेवढा येत होता.

खालच्या फणसापर्यंत ढोल वाजला नाही.